कोबीवरचा दगड

चेक देशातल्या याखिमोव्ह गावच्या त्या छोट्या स्नानगृहात कायदा एकच होता, आणि तो ओताकार कुबातच्या तोंडून दिवसातून इतक्या वेळा बाहेर पडे की त्याच्या बायकोने तो त्याला झोपेतही म्हणताना ऐकला होता: "हलू नका."

टबातलं कोमट पाणी थेट खाणीच्या पोटातून यायचं आणि त्यात रेडॉन विरघळलेला असायचा. हा मोठा मानी वायू. ना रंग, ना वास, ना चव. पण पाणी जरा ढवळलं की रागावून उठून जायचा, आणि मग टबात उरायचं ते नुसतं आंघोळीचं पाणी, जे माणसाला घरीही मिळतं. म्हणून पेशंटने वीस मिनिटं मढ्यासारखं पडून राहायचं. टाच खाजली तर खाजू द्यायची. शेजारच्या टबातल्या बाईंचं काही चुकत असेल तर चुकू द्यायचं.

"अहो यानौश, पाय!"

"पायांचं काय?" पिल्सेनचा खाटीक यानौश टबातून म्हणाला. दरवर्षी गुडघे घेऊन येणारं हे गिऱ्हाईक.

"हलतायत."

"मी खाटीक आहे हो, कुबात. जन्मभर उभं राहून काम केलं. पायांना आडवं पडायची सवय नाही."

"मग त्यांना सांगा, तुमच्या गुडघ्यांचं औषध आत्ता छताकडे चाललंय."

यानौशने घाबरून छताकडे पाहिलं. त्यासाठी मान हलवली. ओताकारने डोळे मिटले आणि मनातल्या मनात आणखी थोडा रेडॉन घालवला.

ओता पन्नाशीचा, पोट पुढे, मिशा खाली, पायांत नमद्याच्या सपाता. टब भरणं, तापमान पाहणं, भिजलेल्या माणसाला चादरीत गुंडाळून बाकावर आडवं करणं, हे सगळं तो बाळंतिणीच्या मायेने करायचा. पण स्वतः त्या पाण्यात त्याने कधी बोटापलीकडे काही बुडवलं नव्हतं.

कारण त्याचा बाप. बाप खाणीत होता. याच डोंगरात, याच वायूत, वर्षानुवर्षं. चाळिशी उलटली तसा तो खोकू लागला आणि ओता मिसरूड फुटायच्या वयात असताना गेला. ज्या डोंगराने बापाची फुप्फुसं खाल्ली, त्याच डोंगराच्या पाण्यात आई, व्लास्ताबाई, दर शरद ऋतूत गुडघे शेकून तरतरीत होऊन निघायची. एकच डोंगर एकाला मारतो आणि एकीला नाचवतो, हे कोडं ओताच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. गावात त्याचं कोणाला काही नव्हतं. इतर गावांत फुटबॉलवर मतं असतात, तशी इथे किरणोत्सर्गावर. पूर्वी खाणीबाहेर पडलेला काळा कचरा पॅरिसच्या एका बाईंनी वॅगनी भरून नेला आणि त्यातून नोबेल काढलं, याचा गावाला अभिमान; पण "कचरा आमचा होता" हे सांगायला कोणी विसरत नसे.

तर त्या वर्षी ऑक्टोबरात प्रागहून फोन आला.

स्नानगृहात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असे. आत फिल्मचा तुकडा. महिना झाला की बिल्ले प्रागला जायचे, तिथे फिल्म धुऊन पाहायचे की या माणसाने किती किरण खाल्ले. ओताचा आकडा नेहमी इतका फिका असे की तिथल्या लोकांना तो घरी बसून पगार खातो असं वाटावं. या वेळी त्याची फिल्म काळी निघाली. कोळशासारखी.

डॉक्टर शिमकोव्हांनी त्याला खोलीत बोलावलं. बाई ठेंगण्या, चष्मा केसांत खोचलेला आणि शोधत टेबलावर.

"अहो कुबात, तुम्ही गेल्या महिन्यात काय केलंत?"

"टब भरले."

"आणि?"

"रिकामे केले."

"खाणीत उतरला होतात? दवाखान्यात एक्स-रे काढले? कुणाच्या तळघरात बॉम्ब वगैरे?"

"डॉक्टरबाई, मी तर चर्चमध्येसुद्धा गेलो नाही."

बाईंनी चष्मा शोधायचं सोडलं. "हा आकडा खरा असेल तर तुम्हाला पुन्हा टबांजवळ जाता येणार नाही. रक्त प्रागला पाठवते. ते येईपर्यंत तुम्ही कोट सांभाळा."

म्हणजे ओता कोटघरात, आणि कोटघरातली यिर्झिना टबांवर. यिर्झिना ही नियमांवर जीव टाकणारी बाई. तिने पहिल्याच दिवशी यानौशला शिंकल्याबद्दल झापलं. ओता कोटांच्या मागे स्टुलावर बसून ऐकत होता, आणि त्याला पहिल्यांदाच जाणवलं की बापाचं ज्या वयात झालं ते वय आपण कधीच ओलांडलंय, आणि आपण ते फार निवांतपणे ओलांडलं. आपल्या आत ते आलंय का? एवढा एकच प्रश्न. त्याचं उत्तर कोटांच्या खिशांत हात घालून सापडण्यातलं नव्हतं.

पण ओता नुसता घाबरून बसणारा गडी नव्हता. त्याला भीती वाटली की आधी कुतूहल वाटायचं. घाबरायचं मग, वेळ मिळाला तर. दुपारी त्याने डॉक्टरबाईंना उपाहारगृहात गाठलं. बाईंच्या ताटात गरम सॉसेजच्या दोन जोड्या होत्या, मोहरीचा लगदा आणि पाव.

"मला समजावून सांगा," तो समोर बसत म्हणाला. "हे किरण आत जाऊन नक्की करतात काय?"

"जेवू द्याल?"

"जेवता जेवता सांगा."

बाईंनी काट्याने सॉसेजची एक जोडी उचलली. मध्ये चिमटा, दोन्हीकडे लोंबणारे दोन तुकडे. "हे तुमच्या पेशीतलं एक गुणसूत्र समजा. मधला चिमटा ही त्याची कंबर. प्रत्येकाला एकच कंबर. आत धागा असतो, दोन पदरी, पेशीने काय करायचं ते सगळं त्यात विणलेलं. किरण आला की धागा तुटतो."

"मग माणूस गेला?"

"अहो, मग आपण सगळे कधीच गेलो असतो. धागे तर एरवीही तुटत असतात. पेशीत रफूगार असतात. एक पदर तुटला तर दुसरा पाहून शिवतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण किरणांचा मारा जोरात झाला आणि दोन्ही पदर एकाच जागी तुटले, शेजारी आणखी एक तुटका धागा पडलेला, तर रफूगाराचा गोंधळ होतो. याचं टोक त्याला शिवून टाकतो." बाईंनी सॉसेज कापलं आणि दुसऱ्या जोडीचा चिमट्यासकट अर्धा भाग त्याला टाचल्यासारखा लावला. "हे बघा. एकाला दोन कंबरा. असला प्रकार एरवी फार क्वचित होतो. तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते कुपीत वाढवतील, दुभंगताना मध्येच थांबवतील आणि भिंगाखाली दोन कंबरांची किती सापडतात ते मोजतील. जास्त सापडली, तर बिल्ला खरं बोलतोय."

"आणि ती चुकीची शिवलेली पेशी? तिचं काय होतं?"

"बहुतेक मरते. मरते ते बरंच. आपल्याला पेशींचा तुटवडा नाही. ज्या ऊतींना वाढायची घाई असते, हाडांमधली मज्जा, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, त्यांना आधी फटका बसतो, कारण रफू व्हायच्या आत त्यांना दुभंगायचं असतं. पण एखादी पेशी मरत नाही. चुकीची शिलाई घेऊन जगते. वर्षं जातात. मग एक दिवस ती वाढायला लागते आणि थांबायचं कसं तेच विसरलेली असते."

ओताने सॉसेजचं टाचलेलं टोक बोटाने ढकलून पाहिलं. मग म्हणाला, "बापाचं तसंच झालं?"

"तुमचे वडील तो वायू धुळीबरोबर श्वासात घेत होते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "रेडॉनमधून जे निपजतं ते धुळीला चिकटून फुप्फुसाच्या अस्तरावर बसतं. त्याचे किरण जाडेभरडे असतात. कागद, कातडी, काहीही आडवं आलं की अडकतात. बाहेरून आले तर काही नाही. पण आत, नाजूक अस्तराला टेकून सुटले, की तोफेसारखे. वर्षानुवर्षं, रोज. रफूगार किती पुरे पडणार?"

"आणि आई तेच पाण्यात घेऊन नाचते."

"त्या थोडकंच घेतात, मोजून, वर्षातून काही दिवस. त्याने गुडघे का सुधारतात यावर विज्ञान अजून भांडतंय. गुडघे मात्र भांडत नाहीत." बाईंनी दोन कंबरांचं सॉसेज मोहरीत बुडवून खाऊन टाकलं. ओताला ते पाहवेना.

त्यानंतर घरात रफूगारांचा सुळसुळाट झाला. ओता सकाळी उठला की म्हणे, "रात्रभर जागे होते वाटतं बिचारे, अंग दुखतंय." बायको मिलाडा आठवडाभर ऐकत राहिली.

"तुझ्या मोज्याला भोक पडलंय," ती शेवटी म्हणाली. "त्यांना जरा खाली पाठव."

"चेष्टा करू नकोस. ते किती काम करतात माहितेय?"

"या घरात तेवढेच करतात."

व्लास्ताबाई कोपऱ्यात कोबी चिरत होत्या. ऐंशीला आलेल्या, गुडघे वाकडे, जीभ सरळ. "ह्याच्या बापाने कधी पेशीबिशी म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "खोकायचा आणि बियर प्यायचा. बस, कोबी खा. शहाजिरं घातलंय. सगळ्यावर चालतं."

आणि ओता कोबी खायचा. व्लास्ताबाईंची आंबवलेली कोबी म्हणजे गल्लीची शान. बदकाबरोबर असो की नुसत्या उकडलेल्या कणकेच्या गोळ्यांबरोबर, शेजारी वाटी घेऊन येत.

पुढच्या आठवड्यात लेक्सा घरी आला. हा किरणोत्सर्गाच्या खात्यातला तंत्रज्ञ, लांबोडका, सभ्य, खांद्याला टिकटिकणारी पेटी. बिल्ल्याने किरण खाल्ले कुठे हे शोधायचं होतं. स्नानगृह तपासून झालं होतं, तिथे काही नाही.

"बिल्ला रात्री कुठे असतो?" त्याने विचारलं.

ओताने मिशीला हात लावला. बिल्ला रात्री स्नानगृहातल्या फळीवर टांगून जायचा नियम होता. पण स्नानगृहाच्या धोब्याची खळ ओताच्या मानेला चावायची, म्हणून कोट तो घरी आणून मिलाडाकडून धुऊन घ्यायचा. आणि कोटाबरोबर बिल्ला. लोकांना दिवसभर नियम सांगणारा माणूस स्वतःचा एक नियम खिशात घालून घरी नेत होता.

"कोट इथे टांगतो," तो खालच्या आवाजात म्हणाला आणि कोठीच्या खोलीकडे बोट केलं. "ओला कोट बाहेरच्या खुंटीवर आईला चालत नाही."

लेक्साने पेटी चालू केली. स्वयंपाकघरात ती आळसावून टिकटिकली. कपाटातल्या, युरेनियम घालून रंगवलेल्या हिरव्या काचेच्या भांड्याजवळ जरा शुद्धीवर आली.

"ते लग्नातलं आहे," व्लास्ताबाई म्हणाल्या.

कोठीच्या दाराशी पेटीत लाह्या फुटू लागल्या. आत पाऊल टाकलं तशा त्या एकमेकींत मिसळून नुसती घरघर झाली. लेक्साचा हात कोटाच्या खुंटीवरून सरळ खाली उतरला आणि चिनीमातीच्या भल्यामोठ्या बरणीवर थांबला.

गुडघ्यांना न जुमानता व्लास्ताबाई त्याच्या आणि बरणीच्या मध्ये आल्या. "कोबीला हात लावायचा नाही! अजून आंबायचीय."

"आजी, वर काय ठेवलंय?"

"दगड. कोबी दाबायला दगड नाही तर काय, टोपी ठेवायची?"

"कुठून आणला?"

"ह्याच्या बापाने आणला, खाणीतून. मी म्हटलं होतं, छोटा आण, बरणीत मावेल असा, पण जड हवा. सगळे दगड एक तर मोठे नाही तर हलके. त्याने शोधून आणला. माणूस घुमा होता, पण सांगितलेलं विसरायचा नाही."

दगड लाकडी झाकणावर बसला होता, मुठीएवढ्या दोन वाट्या एकमेकींवर पालथ्या घालाव्यात तेवढा, काळा, तुकतुकीत. काळेपणा कोबीत उतरू नये म्हणून व्लास्ताबाईंनी त्याला दरसाल मेणाचा जाड थर दिलेला. लेक्सा एक पाऊल मागे सरकला.

"आजी, हे युरेनियमचं खनिज आहे. पिचब्लेंड. अव्वल दर्जाचं."

"मग!" व्लास्ताबाईंची छाती भरून आली. "तो हलका माल आणायचाच नाही."

मिलाडा दारातच खाली बसली. हसतेय की रडतेय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. ओता मात्र दगडाकडे बघत उभा होता. बापाने घरासाठी आणलेल्या वस्तूंपैकी एवढीच उरली होती. लहानपणी त्याने तो कितीदा उचलून पाहिला होता, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून.

"पण एवढी वर्षं तर हा होताच," मिलाडा म्हणाली. "बिल्ला आत्ताच का काळा झाला?"

"बरणी तळघरात असायची," ओता म्हणाला. "या सप्टेंबरात आईचे गुडघे म्हणाले, जिना नको. मीच वर आणली."

लेक्साने दगड शिशाच्या पेटीत घातला, कोबीचा एक मोठा डबा तपासणीला घेतला आणि सभ्यपणे निघून गेला. कोबी नंतर निर्दोष ठरली, मेणामुळे. डबा मात्र रिकामा परत आला, आणि त्याबद्दल खात्याने काहीही खुलासा केला नाही.

बिल्ल्याचं कोडं सुटलं, पण ओताचं आणखी गुंतलं. बिल्ला दगडाच्या डोक्यावर रात्रभर लोंबत होता हे खरं. पण दगड घरात होता. तो आपल्यालाही लागला असेल, तर?

"तुम्ही झोपता कुठे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"रस्त्याच्या अंगाला, घराच्या दुसऱ्या टोकाला."

"शेगडीवर हात धरला तर भाजतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलं तर ऊबसुद्धा लागत नाही. हे किरणही तसेच, लांब गेलं की झपाट्याने विरळ होतात. तळघरात असताना तर वर दगडी फरशी होती." मग त्या जरा थांबल्या. "पण मी अंदाजावर तुम्हाला टबांजवळ सोडणार नाही. रक्ताला बोलू दे."

घरी व्लास्ताबाई बोलेनाशा झाल्या होत्या, आणि ही गोष्ट घरघरणाऱ्या पेटीपेक्षा भयंकर होती. बरणीवर आता विटा होत्या. ओता कोबीची वाटी घेऊन बसला तेव्हा त्यांनी हात पुढे करून वाटी काढून घेतली.

"नको खाऊस."

"अगं, तपासलीय."

"त्यांना काय कळतंय." मग भिंतीकडे बघत, "दगड मीच मागितला होता. तो म्हणाला, हा नको, दुसरा बघतो. मी म्हटलं, हाच. तुला काही झालं असेल तर ते ह्या घरातूनच झालं, ओता. माझ्या बरणीतून."

ओता जन्मभर दुसऱ्यांना धीर देणारा माणूस, पण त्या सगळ्या धीरात मिळून "हलू नका" एवढं दोन शब्दांचं एकच वाक्य त्याला येत होतं. त्याने वाटी परत ओढून घेतली आणि कोबी खाल्ली. सगळी. व्लास्ताबाई बघत राहिल्या.

त्यांचे आंघोळीचे दिवस नेमके तेव्हाच आले. जायला त्या तयार नव्हत्या; मिलाडाने कोट चढवून पाठवलं, "अहो आई, गुडघ्यांनी काय पाप केलंय?" ओताने कोटघरात तो कोट घेतला, खुंटीवर लावला. आई आत गेली. स्नानगृहात तिच्यासारखी पेशंट नव्हती. घरी एक क्षण गप्प न बसणारी ही बाई टबात मात्र अशी पडायची की पाण्यावर सुरकुती उमटू नये. ओता नव्या पेशंटांना तिच्याकडे बोट दाखवून सांगायचा, "असं."

त्या दिवशी ती टबात असतानाच कोटघरातला फोन वाजला. डॉक्टरबाई होत्या.

"कुबात, प्रागहून आलंय. बसलाय ना?"

"उभा आहे."

"राहा उभे. दोन कंबरांची तुमच्या वयाच्या कुठल्याही माणसात सापडतील तेवढीच. चारचौघांसारखं रक्त आहे तुमचं. थोड्या चुकीच्या शिलाया प्रत्येकाच्या असतात. त्या तुमच्याही आहेत. बिल्ल्याने खाल्ले, तुम्ही नाही. उद्यापासून टबांवर या. आणि बिल्ला घरी नेलात तर मीच तुम्हाला शिशाच्या पेटीत घालीन."

ओताने फोन ठेवला की तसाच सोडला, त्याचं त्याला आठवत नाही. दोन माणसं कोट मागत उभी होती, त्यांना तशीच उभी ठेवून तो सपाता फटफटवत आत घुसला.

"कुबात!" यिर्झिना किंचाळली. "तुम्हाला आत मनाई आहे!"

आई तिसऱ्या टबात होती. पाणी काचेसारखं. ती हलली नाही, फक्त डोळे त्याच्या तोंडावर आले आणि तिथेच थांबले. शेजारच्या टबात यानौशनेही जन्मात पहिल्यांदा पाय आवरले.

"आई," ओता म्हणाला, "काही नाही. रक्तात काही नाही. सगळ्यांसारखंच आहे."

व्लास्ताबाई क्षणभर तशाच पडून राहिल्या. मग दोन्ही हात पाण्यातून वर आले, आणि त्यांनी ते असे काही आपटले की पाणी उसळून ओताच्या मिशांवर, कोटावर, यिर्झिनाच्या चष्म्यावर आणि थेट यानौशच्या टबात गेलं. त्या उठून बसल्या, मुलाचे ओले कान धरले आणि त्याचं डोकं गदागदा हलवलं. त्या टबातला सगळा रेडॉन एका दमात छताकडे निघाला.

"पाणी हललं!" यिर्झिना ओरडली. "पाणी हललं, कुबात, बघताय काय!"

ओता टबाच्या काठावर बसला. सपातांत पाणी भरलं होतं.

"हलू दे, यिर्झिना," तो म्हणाला. "मी दुसरं भरतो."

व्लास्ताबाईंनी नाक पुसलं. "आणि त्या लांबोडक्या पोराला फोन कर," त्या म्हणाल्या. "दगड नेलास तर दगड आणून दे म्हणावं. विटांनी कोबी वर येतेय. तेवढाच लहान पाहिजे, आणि तेवढाच जड."